सुईचा गुण किती वर्षं टिकतो?

ॲलर्जीच्या सुया नेटाने घेतल्या, दोन पावसाळे सुखात गेले आणि तिसऱ्या वर्षी भाद्रपदात सकाळी उठल्या उठल्या पुन्हा शिंकांची माळ लागली, तर पहिला संशय औषधावर येतो. ‘शरीर सुईला सरावलं’, ‘गुण संपला’, ‘एवढा पैसा पाण्यात गेला’ अशी बोलणी घरात सुरू होतात. माढा तालुक्यातला माणूस अशा उपचारासाठी सोलापूर, बार्शी नाहीतर पुणे गाठतो. प्रत्येक खेपेला कामाचा दिवस मोडतो, एसटीचं भाडं जातं, आणि उपचार तर तीन ते पाच वर्षं चालतो. तेव्हा गुण किती टिकतो हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच घरखर्चाचाही आहे. विचारणाऱ्याला त्याचं नीट उत्तर मिळायला हवं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. खरोखर त्रास देणाऱ्या ॲलर्जीवर, पुरेशा मात्रेत आणि किमान तीन वर्षं घेतलेल्या सुयांचा गुण सुया थांबवल्यावरही बरीच वर्षं टिकतो. तो सगळ्यांना जन्मभर पुरत नाही. काहींचं दुखणं पुढे उलटतं. पण ‘उलटलं’ म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं पुष्कळसं मुळात निराळंच असतं. उपचार अर्धवट राहिलेला असतो, मात्रा कमी पडलेली असते, ॲलर्जी दुसऱ्याच कशाची असते, किंवा मुळात सुईने बरा होणारा आजारच नसतो.

सुरुवात सुईपासूनच करावी लागेल, कारण आपल्याकडे ‘ॲलर्जीची सुई’ म्हणून दोन अगदी वेगळ्या जातीची औषधं टोचली जातात. अंगावर गांधी उठल्या, नाक वाहायला लागलं की जवळच्या दवाखान्यात ॲव्हिल आणि डेक्सा देतात. ॲव्हिल म्हणजे फेनिरामीन. ते शरीरात सुटलेल्या हिस्टामीनला अडवतं आणि काही तासांत उतरतं. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. त्याचं काम दोन-तीन दिवस चालतं. स्नायूत साठून हळूहळू झिरपणारं ट्रायॲमसिनोलोनसारखं स्टिरॉइडही असतं. ऐन हंगामात ते टोचलं की तीन-चार आठवडे नाक, डोळे, त्वचा सगळं शांत होतं आणि ‘एका सुईत वर्ष निघालं’ असं वाटतं. पुढच्या वर्षी त्रास परत येणारच, कारण या औषधांनी ॲलर्जी बदलत नाही, तेवढ्या दिवसांपुरती दबते. ती वरचेवर घेतली तर रक्तातली साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवण्यात मागे पडतात. ‘मी पाच वर्षं सुया घेतोय, गुण टिकत नाही’ असं कोणी म्हणालं की आधी त्याचे जुने केसपेपर मागवून पाहावेत. पाच वर्षांत वर्षाला दोन-तीनच सुया टोचल्या असतील, तर ते बहुधा स्टिरॉइड होतं.

या प्रकरणातली सुई ती नव्हे. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्याचाच अर्क थोडा थोडा वाढवत टोचायचा, हा तो उपचार. त्याआधी कोपर ते मनगट या भागावर तपासणी होते. आतल्या बाजूच्या त्वचेवर पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेपाशी एकेका अर्काचा थेंब ठेवतात आणि थेंबातून बारीक टोकाने त्वचा जराशी टोचतात, रक्त येणार नाही इतकी हलकी. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा असतो, एक हिस्टामीनचा. पंधरा-वीस मिनिटांत हिस्टामीनच्या जागी डास चावल्यासारखी गांध उठते. ज्या अर्काच्या जागी मिठाच्या पाण्यापेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठी गांध उठली, तो अर्क ‘पॉझिटिव्ह’. तपासणीच्या आधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांध उठतच नाही.

इथेच पहिली गफलत होते. गांध उठली याचा अर्थ शरीराने त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं बनवलेली आहेत, एवढाच. त्रास त्यानेच होतो असं त्यावरून ठरत नाही. चाळीस अर्क टोचले आणि बारा जागी गांधी उठल्या, म्हणून बाराही अर्क एका बाटलीत घालून दिले, तर प्रत्येकाची मात्रा पातळ होते आणि खऱ्या गुन्हेगारावर पुरेसं औषध पडतच नाही. त्रास कोणत्या महिन्यात होतो, शेतात की घरात, अंथरूण झटकताना की कडबा उपसताना, हे खोदून विचारणारा डॉक्टर मिळाला तर उपचाराचं निम्मं यश तिथेच पदरात पडतं. मला तर ही विचारपूस तपासणीइतकीच मोलाची वाटते.

मग बाटल्या येतात. भारतात बरेच अर्क पाण्यातले असतात आणि सर्वांत पातळ बाटलीपासून सुरुवात होते: १:५०००, मग १:५००, मग १:५०. आधी आठवड्याला एक-दोन सुया, दर वेळी मात्रा थोडी जास्त. काही महिन्यांनी कायमच्या मात्रेवर पोचलं की दोन ते चार आठवड्यांतून एक. ही कायमची मात्रा हाच उपचाराचा कणा. मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन प्रत्येक सुईतून साधारण ५ ते २० मायक्रोग्रॅम इतकं शरीरात जायला हवं, तरच नीट गुण येतो. अमेरिकेत फ्रँकलिन आणि लोवेल यांनी १९६७ मध्ये रॅगवीड या तणाच्या ॲलर्जीवर हे तपासून दाखवलं. सुयांनी बरं वाटत असलेल्या रुग्णांपैकी काहींची मात्रा त्यांनी विसाव्या हिश्श्यावर आणली. सुया चालूच होत्या, पण पुढच्या हंगामात या लोकांचा त्रास पूर्ण मात्रा घेणाऱ्यांपेक्षा बराच जास्त निघाला. म्हणजे सुई चालू असतानाही गुण ओसरू शकतो, आणि त्याला शरीराचं सरावणं कारण नसतं. मात्रा घटलेली असते.

माढ्यासारख्या ठिकाणी मात्रा कागदावर न घटताही बाटलीत घटू शकते. हा अर्क २ ते ८ अंश तापमानात ठेवावा लागतो. त्यात प्रथिनं असतात. उष्णतेने ती मोडतात, आणि पातळ बाटलीतली लवकर मोडतात. एप्रिल-मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पिशवीत टाकून एसटीने दोन-अडीच तास आणलेली बाटली, घरी फ्रिजच्या दारात ठेवलेली बाटली, वीज गेल्यावर दुपारभर कोमट झालेली बाटली, या सगळ्या दिसायला सारख्याच. रंग बदलत नाही, वास येत नाही. सुई पूर्वीसारखीच टोचली जाते, आत औषध कमी झालेलं असतं. उलट अर्क बर्फाला चिकटून गोठला तरी बिघडतो. तोंड रुंद असलेला थर्मास, तळाशी बर्फाची पिशवी, तिच्यावर कापडाची घडी आणि त्यावर बाटली अशी बांधणी प्रवासाला चांगली. घरात ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवावी. दार सारखं उघडतं, म्हणून दारात नको.

बाटली घरी आणली तरी सुई मात्र दवाखान्यातच घ्यायची आणि नंतर अर्धा तास तिथून हलायचं नाही. क्वचित का होईना, या सुईने सगळ्या अंगावर गांधी उठणं, घसा आवळणं, रक्तदाब कोसळणं असा जिवावरचा प्रसंग येतो. ब्रिटनमध्ये १९५७ पासून अशा सुयांनी २६ मृत्यू झाल्याचं १९८६ मध्ये तिथल्या औषध-सुरक्षा समितीने जाहीर केलं आणि त्यानंतर त्या देशात हा उपचार जवळजवळ बंदच पडला. गंभीर प्रतिक्रिया बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच येते आणि मांडीच्या स्नायूत वेळेवर दिलेलं ॲड्रेनलिन माणसाला वाचवतं. ते जिथे हाताशी नाही तिथे ही सुई घेऊ नये. दमा वर आलेला असेल त्या दिवशीही घेऊ नये. गुण टिकण्याच्या चर्चेत हे सांगायचं कारण असं, की एकदा भीती बसली की लोक डॉक्टरांना न सांगता खेपा चुकवतात आणि अर्धवट उपचाराची सुरुवात तिथूनच होते.

किती वर्षं टिकतो, हा प्रश्न या उपचाराइतकाच जुना आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांचा अर्क टोचून ‘हे फीवर’वर पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. नून दोनच वर्षांत क्षयाने गेले. त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे चालवलं आणि १९१४ मध्ये ८४ रुग्णांची हकिगत मांडली. सुया थांबवल्यावरही निदान वर्षभर गुण राहतो, असं त्यात त्यांनी नोंदवलं होतं. त्या वेळी परागात विष असतं आणि सुईने त्या विषाविरुद्ध प्रतिकार तयार होतो, अशी समजूत होती. समजूत चुकीची होती, तरी गुण खरा होता. त्याच रुग्णालयात विल्यम फ्रँकलंड यांनी १९५४ मध्ये खऱ्या अर्काची आणि पोकळ, म्हणजे आत खरं औषध नसलेल्या, सुईची तुलना करून तो गुण नुसत्या विश्वासाचा नसल्याचं दाखवलं. हे फ्रँकलंड १०८ वर्षं जगले आणि २०२० मध्ये गेले. शंभरी ओलांडल्यावरही ते ॲलर्जीविषयी लिहीत-बोलत होते.

आतली यंत्रणा उमगायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पती-पत्नीला आणि स्वीडनमध्ये जोहान्सन व बेनिच यांना आयजीई हे प्रतिपिंड सापडलं. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनळीच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर ही आयजीई चिकटून बसलेली असते. पराग आला, आयजीईला भिडला की पेशी फुटून हिस्टामीन सांडतं. मग शिंका, खाज, पाणी. सुयांनी तीन गोष्टी घडतात. प्रतिक्रिया आवरणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात. आयजीजी-४ नावाची दुसरी प्रतिपिंडं तयार होतात. ती परागाला वाटेतच पकडतात आणि आयजीईपर्यंत पोचू देत नाहीत. आणि ॲलर्जीकडे झुकलेल्या टी पेशींचा जोर ओसरतो. आयजीई सुरुवातीला थोडी वाढते, मग काही वर्षांत हळूहळू उतरते. म्हणूनच वर्षभर सुया घेतल्यावर रक्ताची तपासणी करून ‘आयजीई तर वाढलेलीच आहे’ म्हणून उपचार सोडणं चुकीचं ठरतं. गुण आला की नाही हे नाकाला आणि छातीला विचारायचं, अहवालाला नाही.

सुया थांबल्यावर आयजीजी-४ चं प्रमाण उतरतं, पण जी उरतात त्यांची अडवण्याची ताकद पुष्कळ काळ टिकते असं दिसून आलंय. गुण मागे राहतो तो यामुळे. मात्र ॲलर्जीची स्मृती सांभाळणाऱ्या पेशी शरीरातून मुळासकट जात नाहीत. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत असतो आणि पाणी मिळालं की खोडवा फुटतो. सुयांनी पीक तोडलं जातं आणि बुडख्याला बराच काळ पाणी मिळत नाही. बुडखा मात्र जागेवरच असतो.

आता आकडे. फ्रान्समध्ये डे रोश आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरधुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या ४० दमेकऱ्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. यांनी एक वर्षापासून आठ वर्षांपर्यंत सुया घेतल्या होत्या. थांबवल्यावर तीन वर्षांच्या आत ५५ टक्क्यांचं दुखणं उलटलं. पण त्यात भेद होता. ३५ महिन्यांपेक्षा कमी काळ सुया घेतलेल्यांचं फार मोठ्या प्रमाणात उलटलं, त्याहून जास्त काळ घेतलेल्यांचं कमी. १९९९ मध्ये लंडनच्या स्टीफन डरहॅम यांनी गवताच्या परागांवर आणखी कसून प्रयोग केला. तीन-चार वर्षं सुया घेऊन बरं वाटत असलेल्या ३२ जणांपैकी निम्म्यांना पुढेही खरा अर्क आणि निम्म्यांना नकळत पोकळ सुई. तीन हंगाम गेले तरी दोन्ही गट सारखेच बरे होते. आणि तीन वर्षांची मर्यादा किती खरी आहे हे २०१७ च्या ‘ग्रास’ नावाच्या प्रयोगात दिसलं. १०६ जणांपैकी काहींना दोन वर्षं सुया, काहींना जिभेखालच्या गोळ्या, काहींना पोकळ औषध. उपचार चालू असताना फरक स्पष्ट होता. दोन वर्षांवर थांबवलं आणि तिसऱ्या वर्षाअखेर नाकात पराग टाकून पाहिलं, तर फरक जवळजवळ उरला नव्हता.

दोन वर्षं कमी पडतात आणि तीन पुरतात, यात माढ्याच्या रुग्णाची खरी अडचण आहे. गुण साधारण पहिल्या वर्षातच येऊ लागतो. दुसऱ्या वर्षी माणूस बरा असतो. नेमकं तेव्हाच त्याला वाटतं, आता कशाला खेपा? आश्विनात ज्वारीची पेरणी, मग उसाची तोड, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा. एक महिना चुकतो, मग दोन. लांब खंड पडला की मात्रा पुन्हा मागे नेऊन वाढवत आणावी लागते, तोवर कंटाळा आलेला असतो. अशा माणसाचं तीन वर्षांनी उलटलं तर सुईचा गुण ओसरला असं म्हणता येत नाही; तो मुरलाच नव्हता. इटलीत घरधुळीच्या ॲलर्जीवर जिभेखालच्या थेंबांनी उपचार करून मारोन्या यांनी रुग्णांना १५ वर्षं धरून ठेवलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. तीन वर्षं उपचार घेतलेल्यांना साधारण ७ वर्षं आराम पडला, चार-पाच वर्षं घेतलेल्यांना ८. म्हणजे तीनच्या पुढे फायदा वाढतो, पण फारसा नाही. मुलांच्या बाबतीत आणखी एक लाभ दिसला. उत्तर युरोपातल्या अभ्यासात नाकाची ॲलर्जी असलेल्या मुलांना तीन वर्षं सुया दिल्या आणि सुरुवातीपासून दहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा सुया घेतलेल्या ६४ पैकी १६ जणांना दमा होता, न घेतलेल्या ५३ पैकी २४ जणांना.

मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी हा या उपचाराचा सर्वांत खात्रीचा प्रांत. डाळिंबाच्या बागांत परागीभवनासाठी पेट्या ठेवणाऱ्या भागात हे ठाऊक असायला हवं. तिथेही तीन ते पाच वर्षं सुया देतात. थांबवल्यावर बहुतेकांना पुढच्या डंखाने काही होत नाही, थोड्यांना पुन्हा प्रतिक्रिया येते. ज्यांना मुळात फार गंभीर झटका आला होता त्यांना सुया बेमुदत चालू ठेवायला सांगतात.

सुया पुऱ्या घेऊनही त्रास परतला, तर गाव बदललं का, घर बदललं का, शेत बदललं का, हे आधी पाहायचं. माढा तालुक्यात हा बदल एका पिढीत घडलाय. हा पर्जन्यछायेचा, रब्बी ज्वारीचा मुलूख. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पुरं झालं आणि पुढच्या वर्षांत कालव्याच्या पट्ट्यात ऊस, केळी, डाळिंब, द्राक्ष आली. बांध बारा महिने ओले राहू लागले, आणि ओल्या बांधावर तण वाढतं. एका परागाची ॲलर्जी सुईने शमलेला माणूस दहा वर्षांनी दुसऱ्याच परागाला शिंकू लागतो. शिंक तीच, महिना निराळा. तोच माणूस पुण्यात तळमजल्यावरच्या दमट खोलीत राहायला गेला तर घरधुळीतले किडे त्याला गाठतात. हे किडे आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि गादीत, उशीत, गोधडीत राहतात. हवा कोरडी, ५० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याची राहिली की ते तग धरत नाहीत. माढ्याचा उन्हाळा त्यांच्या जिवावर उठतो. पाण्यावरचा कूलर बंद खोलीत रात्रभर चालवला की तोच उन्हाळा त्यांना सुसह्य होतो. गोधड्या, चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुतल्या की ते मरतात. नुसत्या गार पाण्यात धुऊन मरत नाहीत, पण त्यांची विष्ठा वाहून जाते, आणि खरी ॲलर्जी त्या विष्ठेतल्या प्रथिनांची असते.

पण माढ्याच्या बांधावर सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतं ते काँग्रेस गवत. गाजर गवत, चटकचांदणीही म्हणतात त्याला. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते भारतात पसरलं असं सांगितलं जातं. पुण्यातून वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद केली आणि वीस वर्षांच्या आत ते देशभर झालं. एका झाडाला २५ हजारांपर्यंत बिया येतात. पाऊस पडल्यावर महिना-दीड महिन्यात ते फुलतं. त्याला खाणारे मेक्सिकोचे भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूरला सोडले. पावसाळ्यात ते पानांची चाळण करतात, कोरडे दिवस आले की मातीत दडून बसतात.

या गवताची दोन दुखणी आहेत आणि ती वेगळी ओळखली नाहीत म्हणून कितीतरी लोकांचा सुयांवरचा विश्वास उडालाय. एक, त्याच्या परागांनी होणारी नाकाची ॲलर्जी. ती आयजीईची आहे, त्वचेच्या तपासणीत गांध उठते आणि सुईचा उपयोग होऊ शकतो. दुसरं, त्वचेचं दुखणं. चेहरा, मान, हातापायांचे मोकळे भाग, पापण्या, कोपराच्या खोबणी लाल होतात, खाजतात, पाणी सुटतं, पुढे कातडी जाड आणि काळसर पडते. शेतात काम करणाऱ्या पुरुषांत ते जास्त दिसतं. हवेत उडणाऱ्या वाळक्या गवताच्या कणांनीही ते होतं, त्याला हात लावायलाच हवा असं नाही. पुण्यातल्या अशा रुग्णांवर लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन यांच्याबरोबर १९७४ मध्ये सविस्तर लिहिलं. याला पार्थेनिन नावाचं रसायन कारण असतं आणि प्रतिक्रिया आयजीईची नसते. ती टी पेशींची असते, एक-दोन दिवसांनी उठणारी. म्हणून टोचून केलेल्या तपासणीत काही दिसत नाही. पाठीवर औषधाच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून पाहावं लागतं. त्यावर अर्काची सुई लागू पडत नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याच गवताचा अर्क तोंडाने देऊन शरीराला सवय लावायचा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना बरं वाटलं, काहींचं वाढलं. हे दुखणं चिवट आहे. सूर्यफूल आणि शेवंती ही त्याच कुळातली, आणि काहींना त्यांनीही चट्टे उठतात. नाकासाठी सुया घेणाऱ्याला पुढे मानेवर असे चट्टे आले, तर सुया हरलेल्या नसतात. त्याला दुसरा आजार जडलेला असतो.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तिसराही एक सापळा आहे. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, ढिगात महिनोन्‌महिने ओला राहिला की त्यात उष्ण जागी वाढणारे जिवाणू माजतात. त्याची धूळ श्वासात गेली की काही तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप. कामावर नसताना बरं, परतलं की पुन्हा तेच. याला बगॅसोसिस म्हणतात. हाही फुप्फुसाच्या अतिसंवेदनेचाच आजार, पण आयजीईचा नाही; त्यावर ॲलर्जीची सुई निरुपयोगी आहे आणि ती घेत धुळीतच काम करत राहिलं तर फुप्फुसाचं कायमचं नुकसान होतं. पाचट जाळल्याचा धूर, चुलीचा धूर, विडी यांनी होणारी खोकल्याची ढास ही तर ॲलर्जीच नव्हे. ती नुसती जळजळ आहे. सुयांनी परागाची बाजू शमली तरी धुराची बाजू तशीच राहते, आणि रुग्ण दोन्हींचा हिशेब एकाच खात्यावर लिहितो. फेब्रुवारीत तोड झाल्यावर शेजारच्या रानात पाचट पेटलं की दम लागतो, एवढं कोणी सांगितलं तर त्याला अर्काची नवी बाटली देण्याआधी पाचट कुजवायचा सल्ला द्यावा. जमिनीलाही ते हवं असतं.

हे सगळं तपासून झाल्यावर जे उरतं ते खरं उलटणं. ते एका रात्रीत होत नाही. पहिल्या हंगामात थोड्या शिंका, गोळी अधूनमधून. पुढच्या हंगामात नाकाचा फवारा रोज. अनेकांचा त्रास पूर्वीइतका चढत नाही, आणि नाकातल्या स्टिरॉइडच्या फवाऱ्यावर, दमा असेल तर इन्हेलरवर तो आटोक्यात राहतो. तेवढ्यावर भागत असेल तर पुन्हा सुया घ्यायलाच हव्यात असं नाही. भागत नसेल तर दुसरा फेरा घेता येतो. मारोन्या यांच्या रुग्णांत दुसऱ्या फेऱ्याला गुण पहिल्यापेक्षा लवकर आला. फेऱ्याआधी त्वचेची तपासणी नव्याने करावी लागते, कारण मधल्या आठ-दहा वर्षांत यादी बदललेली असू शकते. गरोदरपणात नवा फेरा सुरू करत नाहीत, आधीचा चालू असला तर पुढे नेतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर आधी सांगावं लागतं, कारण जिवावरच्या प्रतिक्रियेत ॲड्रेनलिनचा जोर ते औषध तोडतं. आणि दुसरा फेराही पातळ बाटलीपासूनच सुरू होतो. पूर्वी १:५० पूर्ण मात्रेत पचत होती म्हणून जुन्या केसपेपरवरचा शेवटचा डोस पहिल्याच दिवशी द्यायला सांगू नये. काही वर्षांच्या खंडानंतर तीच मात्रा अंगावर उलटू शकते.